वेळेआधी हिरवं

आमच्या कंपनीत एखादं काम पूर्ण झालं की आधी माझी बैठक होते आणि मग जेवण. हा क्रम मी भांडून लावून घेतलाय. आधी जेवण झालं की माणसं सुस्तावतात आणि सगळंच कसं छान झालं म्हणायला लागतात.

आम्ही जुन्या इमारतींतल्या लिफ्ट काढून तिथे नव्या बसवतो. कुणी कधी काय करायचं ते मी ठरवते, त्याचा तक्ता करते आणि ते झालं की नाही हे विचारत सगळ्यांच्या मागे फिरते. चौदा वर्षं हाच धंदा. काम संपलं की सगळ्यांना एका खोलीत कोंडून काय चुकलं, का चुकलं आणि पुढच्या खेपेला काय वेगळं करायचं, हे वदवून घेणंही माझ्याकडेच असतं. म्हणून पाठीमागे मला 'पंचनामा' म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, पण जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे मला दोन्ही ऐकू येतं.

माझ्या बैठकीचा नियम एकच: नाव घ्यायचं नाही. 'अमक्यानं दोर उशिरा आणला' असं म्हणायचं नाही, 'दोर उशिरा आला' असं म्हणायचं. नाव घेतलं की माणूस अंग झाडायला लागतो आणि चूक राहते बाजूला. नव्या मॅनेजरांचा पाच दिवसांचा वर्ग मी घेते, तिथे पहिल्याच दिवशी हे सांगते. ते हसतात. एकानं तर विचारलं होतं, "मॅडम, दोर काय चालत येतो का?" मी म्हटलं, आपल्याकडे चालतच येतो, म्हणून तर उशीर होतो.

असले विनोद मी अजूनही करते. बाबा गेल्यानंतरच्या आठ महिन्यांतही करत होते. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं झालं होतं, फक्त ते गालापुरतं नव्हतं. जेवत होते, झोपत होते, लोक हसले की हसत होते. नातेवाईक म्हणायचे, पोरीनं किती धीरानं घेतलं. मी म्हणायचे, हो. बाबांच्या फोटोकडे बघून रडू यावं म्हणून मी एकदोनदा मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. फोटो तिरका लागलाय एवढंच जाणवलं, तो सरळ केला.

घरात मी आणि आई. धाकटा भाऊ काचा बसवतो, बसच्या चार थांब्यांच्या अंतरावर एकटा राहतो. लहानपणी त्यानं शेजाऱ्यांच्या इतक्या खिडक्या फोडल्या की बाबांनी त्याचं नाव 'फुटक्या' ठेवलं, आणि पुढे त्यानं तोच धंदा धरला तेव्हा बाबा म्हणाले, फेडतोय बिचारा. आई त्याला बाळ म्हणायची. आठ महिन्यांपासून ती त्याला काहीच म्हणत नव्हती.

अबोला म्हणजे साधासुधा नाही. तो महिन्यातून एकदा, रविवारी यायचा. आला की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा. त्यानं विचारलं, "आई, गुडघा कसा आहे?" तर ती मला सांगायची, "त्याला म्हणावं, गुडघा गुडघ्याच्या जागी आहे." अर्ध्या तासानं तो चपला घालायचा. "येतो गं ताई," म्हणायचा. आईला 'येतो' म्हणणं त्यानं तिसऱ्या महिन्यात सोडलं.

आणि आता तो चालला होता. लांबच्या शहरात एका मोठ्या कंपनीत त्याला काम मिळालं होतं, उंच इमारतींच्या काचांचं. दोन वर्षांचा करार, मध्ये सुट्टी नाही. रविवारी सकाळची गाडी. आईचं वय शहात्तर. ती आता दोन वर्षांचा हिशेब मनात धरत नाही, पुढच्या डॉक्टरच्या तारखेपर्यंतचाच धरते. तो न बोलता गेला तर ते तसंच राहील, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. कळूनही कुणी काही करत नव्हतं.

कारण बाबा. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी घरीही तक्ता केला. दुसरं काही येत नव्हतं म्हणा. फ्रिजवर मोठा कागद लावला, दर आठवड्याला नवा. सात दिवसांचे सात रकाने, प्रत्येक दिवसाचे पाच चौकोन: सकाळची औषधं, अंघोळ, दुपारचं जेवण, दुपारची सोबत, रात्रीची औषधं. बाबांची जीभ तेव्हा अर्धीच चालत होती. त्यांनी खुर्चीतून तक्त्याकडे बघितलं आणि बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, "मला... कितव्या... मजल्यावर... नेणार?" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं फुटक्या हसला.

पण तक्ता चालला. अकरा महिने चालला. अंघोळ रोज भावाची, कारण बाबांना उचलायची ताकद त्याच्याच हातांत. तो आठ वाजता यायचा, अंघोळ घालून कामावर जायचा. नऊ ते दीड मावशी यायच्या, त्या पगारी होत्या, पण कुठल्याही सख्ख्या मावशीपेक्षा बऱ्या. दीड ते पाच आमच्यापैकी कुणीतरी बसायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचे, बाकीचे माझे. बुधवारी आईला पूर्ण दिवस सुट्टी, तिनं दहाला निघून तिच्या बहिणीकडे जायचं. ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. सांभाळणाऱ्या माणसाला सुट्टी दिली नाही तर आधी तोच अंथरूण धरतो, हे मी वर्गात शिकवते.

ज्यानं जे काम केलं त्यानं तो चौकोन भरायचा. भाऊ निळ्या पेनानं बरोबरची खूण करायचा, कधी अर्धी चौकोनाबाहेर. मी ऑफिससारखा हिरव्या स्केचपेननं अख्खा चौकोन रंगवायचे. आई तक्त्याकडे बघतच नसे. म्हणायची, "मला माणसं कळतात, चौकोन नाही कळत."

एका मंगळवारी संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, उद्या दुपारी एका दुकानाची काच बसवायचीय. मोठी आहे, चार माणसं लागतील. माझी दुपार तू घेशील का?" मी म्हटलं, "बघते. सकाळी सांगते." बुधवारी अकरा वाजता एका इमारतीत आमचं काम अडलं, मी तिकडे पळाले आणि सहा वाजेपर्यंत तिथून हलले नाही. घरी तो असेल हे मला पक्कं होतं. मी त्याला 'घेते' असं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही म्हणजे पाळी त्याचीच.

मावशी दीड वाजता दार ओढून गेल्या. कुणीतरी पाच-दहा मिनिटांत येतंच, हे अकरा महिन्यांच्या सवयीनं त्यांना ठाऊक होतं. कुणी आलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी आई बहिणीकडून परतली, तेव्हा बाबा पलंग आणि बाथरूमच्या मधे फरशीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. किती वेळ पडून होते ते त्यांना सांगता आलं नाही. एकोणीस दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेले.

त्या बुधवारी संध्याकाळी, हॉस्पिटलच्या लांब बाकावर बसून आईनं विचारलं, "आज पाळी कुणाची होती?"

मी म्हटलं, "त्याची."

भाऊ समोर भिंतीला टेकून उभा होता. हाताला काच चिकटवायचं सिलिकॉन तसंच होतं, धुवायलाही थांबला नव्हता. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, काय बोलणार, बोलायला तोंड आहे कुठे? आईनं त्याच्याकडे पाठ केली आणि बाकावर बसल्या जागी वळून बसली. तेव्हापासून ती वळलेलीच होती.

बाबांचं सगळं आटोपून घरी आल्यावर तो कागद मी फ्रिजवरून काढला, न बघता घडी घातली आणि हॉस्पिटलच्या कागदांबरोबर फाईलमध्ये लावला. फाईलवर 'पूर्ण' लिहिलं. तो माझ्या हाताचा गुण आहे, संपलेल्या कामाच्या फाईलवर तो तेच लिहितो. त्यानंतर ती फाईल मी उघडली नाही.

भाऊ रविवारी जाणार होता, त्याच्या आधीच्या गुरुवारी एका बारा मजली कचेरीच्या कामाची बैठक होती. चार लिफ्टचं काम, बावीस दिवस उशीर. आमचे साहेब आरंभशूर, कामाच्या पहिल्या दिवशी नारळ फोडायला पुढे आणि नंतर महिनोन्महिने गायब, पण उशिराचे दिवस त्यांना तोंडपाठ असतात. ते म्हणाले, "बावीस दिवस. जरा खणून काढा." मी फळ्याशी उभी राहिले आणि नियम सांगितला. सगळ्यांनी पाठ असल्यासारख्या माना हलवल्या.

रुळ बसवणारे मिस्त्री बोलायला उठले. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिला आम्ही शाफ्ट म्हणतो. शाफ्टच्या भिंतींना आधी लोखंडी रुळ बसतात आणि त्याच्याही आधी भिंती सरळ आहेत का ते मोजावं लागतं. तिसऱ्या शाफ्टमध्ये सातव्या मजल्यावर भिंत चार बोटं आत आलेली होती. ते कळलं तेव्हा सहा मजले रुळ बसून झाले होते. सगळे काढावे लागले. बावीसातले सतरा दिवस तिथेच गेले.

साहेब म्हणाले, "पण मोजायच्या आधी रुळ चढवलेच कसे?"

"तक्त्यात मोजणी हिरवी होती ना," मिस्त्री म्हणाले. "हिरवं दिसलं, कामाला लागलो."

"मग हिरवं कसं झालं?"

सगळ्यांना माहीत होतं. मोजणी करणाऱ्यानं दुपारी मला फोन केला होता, संध्याकाळपर्यंत उरकतो म्हणून. भरवशाचा माणूस. मी फोन ठेवला आणि चौकोन रंगवला. जे नक्की होणार आहे ते मी आधीच रंगवून टाकते, म्हणजे डोक्यातून जातं आणि पुढचं बघता येतं. त्या संध्याकाळी शाफ्टमधले दिवे गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. मीच पाठवलं.

मी फळ्यावर लिहिलं: तक्ता वेळेआधी हिरवा झाला.

नियमाप्रमाणे नाव नव्हतं. अक्षर चांगलं आलं होतं. त्याखाली लिहिलं: यापुढे जो जागेवर जाऊन बघेल, त्यानंच रंगवायचं. साहेब खूश झाले. म्हणाले, "वा, हे वर्गात घ्या. नव्या पोरांना असं उदाहरण पाहिजे. सोमवारपर्यंत लिहून द्या." आणि सगळे जेवायला उठले.

हात धुताना मिस्त्री माझ्या शेजारच्या नळावर होते. साठीला आलेला माणूस, मला मॅडम म्हणतो तेही पोरीला हाक मारल्यासारखं. ते म्हणाले, "रागावू नका मॅडम. चौकोन पांढरा असला की माणूस दहा ठिकाणी विचारतो, फोन करतो, स्वतः जाऊन बघतो. हिरव्याला कोण काय विचारणार?"

"खरं आहे," मी म्हटलं.

मी ताट घेतलं, वाढून घेतलं, बसले. दोन घास खाल्ल्यावर मला फ्रिजवरचा तो कागद आठवला. काही संशय वगैरे आला असं नाही. भाऊ त्या बुधवारी सकाळी आठला अंघोळ घालायला आला असणार, फ्रिजसमोरून गेला असणार आणि तरी त्यानं मला फोन करून विचारलं नाही, 'ताई, घेतेस ना दुपार?' एवढंच आलं मनात. एरवी तो एकेका गोष्टीला तीनतीनदा विचारणारा. मग त्या दिवशी का विचारलं नाही? मी जेवण संपवलं. ताटात काही टाकलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आई टीव्हीसमोर पाय चोळत बसली होती. मी चहा टाकला, कपाटातून फाईल काढली आणि ओट्यावरच उघडली. कागद घडी घातलेला होता. बुधवारचा रकाना. सकाळची औषधं, हिरवी. अंघोळ, निळी खूण, नेहमीसारखी अर्धी बाहेर. दुपारचं जेवण, मावशींची बारीक रेघ. दुपारची सोबत, हिरवी. नीट, कडेपर्यंत, माझी.

बघितल्यावर आठवलं. साडेसात वाजले होते, खांद्याला पर्स होती. औषधं दिली होती, तो चौकोन रंगवला. हातात पेन होतंच. दुपारी काही नाही, येता येईल, हे फोनवर पाहिलं आणि तोही रंगवला. रात्रीची औषधंही रंगवली, ती तर मीच देणार होते. त्या रात्री ती घ्यायला बाबा घरी नव्हतेच. 'सकाळी सांगते' म्हटलं होतं आणि सकाळी मी सांगितलं होतं, याच रंगानं. आठ वाजता त्यानं वाचलं. अकरा वाजता काम अडलं तेव्हा मी ऑफिसचा तक्ता बदलला, घरचा राहिला.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि ओटा पुसला. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल, पाय लटपटतील, छातीत कळ येईल. माणसाचं असं व्हायला पाहिजे. मी फडकं पिळून वाळत घातलं आणि उरलेला चहा गाळला. आईला नेऊन दिला. ती म्हणाली, "साखर कमी पडलीय." मी साखर आणून दिली.

शुक्रवारी ऑफिसात मी साहेबांसाठी ते उदाहरण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, पुसलं. मग कोऱ्या कागदावर मी ते घरासाठी मांडून बघितलं, जसं कुठलंही काम मांडते तसं. बोलले तर काय होईल: आई माझ्याशी बोलणं सोडेल. तिला सांभाळायला दुसरं कुणी नाही, म्हणजे औषध देताना, डॉक्टरकडे नेताना, एकाच घरात ती माझ्याशी भिंतीमार्फत बोलेल. नाही बोलले तर काय होईल: काहीच नाही. भाऊ रविवारी जाईल. पुरावा माझ्याच कपाटात आहे. सगळं होतं तसंच चालू राहील. मी कागदाकडे बघत बसले. दुसऱ्या ओळीत धोका काहीच नव्हता, हे मला दिसत होतं.

आमच्या बैठकीत नाव घेत नाहीत, म्हणून चूक सापडते. आमच्या घरी उलटं झालं होतं. एक नाव सापडलं आणि सगळ्यांनी शोधणं थांबवलं. त्यात मी सगळ्यांत आधी थांबले. एवढं मात्र मला लख्ख कळलं, आणि कळून मला स्वतःचा राग यायला पाहिजे होता. तोही आला नाही. पण मी सांगणार हे ठरलं. ते धैर्य वगैरे नव्हतं. चुकीचा अहवाल फाईलला लावायची मला सवय नाही, एवढंच.

रात्री जेवताना आईला म्हटलं, "उद्या दुपारी तो येणारय. निरोप घ्यायला."

"मग मी शेजारी जाऊन बसते," आई म्हणाली.

"नको. थोडा वेळ बस. मला काही सांगायचंय, दोघांना."

"लग्न करतेस?"

"नाही गं."

"मग काय एवढं?" असं म्हणून तिनं भात कालवला. माझं वय सत्तेचाळीस आहे, पण तिनं ती आशा सोडलेली नाही.

शनिवारी तो तीन वाजता आला. दाढी केली होती, नवा शर्ट, त्याच्या घड्या दिसत होत्या. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची, ती त्यानं टेबलावर ठेवली आणि तिथल्याच खुर्चीवर बसला. आई उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी बसली, पण तोंड खिडकीकडे करून.

मी उभीच राहिले. बैठकीत उभं राहायची सवय. म्हटलं, "आई, बाबा पडले त्या दिवशी तक्ता वेळेआधी हिरवा झाला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारचा चौकोन. त्याची पाळी होती, पण चौकोन सकाळीच रंगवला गेला. त्यामुळे असं दिसत होतं, की दुपार दुसऱ्या कुणीतरी घेतलीय."

"तुझं ते ऑफिसातलं मला सांगू नकोस," आई म्हणाली. "रंगवला गेला म्हणजे काय? तक्त्याला हात फुटले? कुणी रंगवला?"

मला वाटलं होतं, हे सांगायला वेळ लागेल. एक शब्द तर होता.

"मी."

आईनं खिडकीवरून नजर काढली. मी फाईलमधला कागद तिच्यापुढे धरला. चष्मा नव्हता, तरी तिनं बोट ठेवून बुधवार शोधला. हिरवा रंग दिसायला चष्मा लागत नाही.

"त्यानं आदल्या दिवशी विचारलं होतं, दुपार घेशील का म्हणून," मी सांगितलं. "मी सकाळी हे रंगवलं, म्हणजे घेतली. तो आठला आला तेव्हा त्यानं बघितलं आणि कामावर गेला. मग माझं काम अडलं आणि मी विसरले. हॉस्पिटलमध्ये तू विचारलंस तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. हा कागद मी परवा बघितला."

आईनं बोट काढलं नाही. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"तू बघितलं होतंस?"

"हो," तो म्हणाला.

"सकाळी आठला?"

"हो."

"मग तिथे बाकावर, मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

फुटक्यानं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. त्याच्या बोटांवर बारीक पांढरे व्रण आहेत, काचांचे.

"बोलणारच होतो," तो म्हणाला. "पण तू राहतेस ताईकडे. मी पडलो एका खोलीतला माणूस, माझ्याकडे तुला ठेवायला जागा कुठंय? तू तिच्याशी अबोला धरला असतास तर राहिली कुठं असतीस? माझ्याशी धरलास तर निदान घरात बोलायला एक माणूस तरी राहत होतं."

"आणि तिला का नाही सांगितलंस? एकटीला?"

"तिला सांगून काय करू? बाबा परत येणार होते का?" मग म्हणाला, "मला वाटलं, तिला माहीत असेल. माहीत असून गप्प आहे तर राहू दे गप्प. झेपत नसेल तिला."

हे ऐकून मी खुर्ची ओढून बसले. आठ महिने तो महिन्यातून एकदा इथे यायचा, घासलेली भांडी परत घासल्याचा आवाज ऐकायचा, आणि जाताना 'येतो गं ताई' म्हणायचा, मला, सगळं माहीत असल्याचं समजून. मी त्याला कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. वाटायचं, आईसमोर कशाला.

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्याच्यापर्यंत चार पावलं होती, ती गेली आणि त्याच्या नव्या शर्टाची कॉलर एका बाजूनं वर राहिली होती ती खाली दाबली. "बाळा," म्हणाली. तो तिच्या पोटाशी डोकं लावून बसल्या जागी रडला, चाळीस वर्षांचा माणूस, मोठ्यानं. आईही रडत होती. मी दोघांकडे बघत होते. शेजारचा टीव्ही ऐकू येत होता, कसलीतरी जाहिरात.

मग ती विचारायला लागली, तिकडे राहायची सोय काय, जेवण कुणाच्या हातचं, उंचावर काम करताना पट्टा बांधतात ना, तो रोज तपासतोस का. आठ महिन्यांचं एकदम. तो सगळ्याची उत्तरं देत होता, नाक पुसत. त्याची गाडी सकाळी सहाची होती, तर ती म्हणाली, आज इथेच झोप. तो म्हणाला, बॅग तिकडे आहे. ती म्हणाली, मग घेऊन ये, जा. तो उठला, टेबलावरची किल्ली त्यानं परत खिशात टाकली, आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

दार लागलं. आता माझी पाळी आहे हे मला माहीत होतं. मी तयारीनं बसले होते. तिनं उठून स्वयंपाकघरात जावं, भांडी काढावीत, भिंतीला सांगावं. किती महिने लागतील तेवढे. मी शुक्रवारीच सगळं मांडून बघितलं होतं.

आई माझ्यासमोर बसली. तिचे डोळे सुजले होते.

"खरं म्हणजे आता तुझ्याशी अबोला धरायला पाहिजे," ती म्हणाली. "तुझ्याशीच धरायला पाहिजे होता. पण आता नाही गं होणार माझ्याच्यानं. फार दमले मी त्या एकात."

मी म्हटलं, "धर ना आई."

ती नाही म्हणून मान हलवत राहिली.

"थोडे दिवस तरी धर," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही.